एकपात्री प्रयोगाचे सांगाती

एकपात्री प्रयोग म्हटला, की डोळ्यांपुढे मोकळा रंगमंच आणि त्यावर उभी असलेली एकच व्यक्ती येते. महाराष्ट्राला हे दृश्य चांगले परिचयाचे आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आणली आणि एक माणूस अख्खी चाळ बोलकी करू शकतो, हे प्रेक्षकांनी पाहिले. पुढे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये पन्नासांहून अधिक पात्रे एकट्याने उभी केली. अशा प्रयोगाचे सारे श्रेय रंगमंचावर दिसणाऱ्या त्या एका व्यक्तीस देण्याचा मोह सहज होतो. परंतु त्या व्यक्तीच्या मागे किती जणांचे श्रम उभे असतात, हे पाहावयाचे असेल तर कलकत्त्याच्या रंगभूमीकडे वळणे उपयुक्त ठरते. आणि तेथे पोहोचल्यावर त्या श्रमांत एका मराठी लेखिकेचाही वाटा असल्याचे आढळून येते.

आधुनिक बंगाली रंगभूमीचा पाया समूहाने घातला. १९४३ च्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ साली, भारतीय जननाट्य संघाने बिजन भट्टाचार्य यांचे 'नवान्न' हे नाटक केले. त्या प्रयोगाशी निगडित असलेल्या शंभू मित्र व तृप्ती मित्र या दांपत्याने पुढे १९४८ मध्ये सहकाऱ्यांसह 'बहुरूपी' ही संस्था उभारली. या संस्थेने १९५४ साली रवींद्रनाथांचे 'रक्तकरबी' सादर केले, तेव्हा खालेद चौधुरी यांचे नेपथ्य आणि तापस सेन यांची प्रकाशयोजना हीदेखील अभिनयाइतकीच नाटकाचा अर्थ सांगणारी अंगे ठरली. नट, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार आणि वादक या सर्वांनी मिळून एक नाटक घडवावयाचे, ही त्या परंपरेची शिकवण होती. कलकत्त्याची एकपात्री अभिव्यक्ती याच मुशीतून बाहेर पडली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी तृप्ती मित्र यांनी 'अपराजिता' हे नाटक एकटीने रंगविले. लेखन नीतीश सेन यांचे होते. अनेक वर्षे मोठ्या समूहात वावरलेल्या या अभिनेत्रीने तो समग्र अनुभव एका स्त्रीच्या वाणीत ओतला. हीच 'अपराजिता' कालांतराने मराठीत आली आणि जयदेव हट्टंगडी यांच्या दिग्दर्शनाखाली रोहिणी हट्टंगडी यांनी ती साकार केली. बंगालचे हे देणे महाराष्ट्रास पोहोचले; परंतु त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्राकडून एक देणे बंगालला गेले होते.

ते देणे म्हणजे इरावती कर्वे यांचे 'युगान्त'. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये मानववंशशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या या विदुषीने महाभारतातील व्यक्तींकडे भक्तीच्या नव्हे, तर जिज्ञासेच्या दृष्टीने पाहिले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू झालेले आणि १९६६ साली पूर्णत्वास गेलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य त्यांच्या विवेचनास आधारभूत होते. म्हणजे 'युगान्त'च्या मागेही पंडितांच्या पिढ्यांचे परिश्रम होतेच. हे पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. द्रौपदीवरील त्यातील निबंध मराठी वाचकांच्या विशेष स्मरणात राहिला.

शंभू आणि तृप्ती मित्र यांच्या कन्या शाओली मित्र यांना याच पुस्तकाने प्रेरणा दिली. १९८३ साली 'पंचम वैदिक' या स्वतंत्र नाट्यसंस्थेची स्थापना झाली आणि त्याच वर्षी शाओलींचे 'नाथवती अनाथवत्' हे नाटक रंगमंचावर आले. लेखन त्यांचे, दिग्दर्शन त्यांचे आणि सर्व भूमिकाही त्यांच्याच. पाच पती असूनही जी निराधार राहिली, त्या द्रौपदीचे दुःख नाटकाच्या नावातच साठविले आहे. या लेखनामागे इरावतीबाईंचे ऋण आहे, हे शाओलींनी मोकळेपणाने मान्य केले.

या नाटकाचा घाट बंगालच्या कथकतेचा आहे. पुराणकथा सांगणारी कथकीण प्रेक्षकांपुढे येते, बोलता बोलता ती द्रौपदी होते, क्षणात दुर्योधन होते आणि पुन्हा कथकीण होऊन घडल्या गोष्टीवर भाष्य करते. तिच्या पाठीशी वादक आणि 'जुरी' म्हणजे साथीचे गायक रंगमंचावरच बसलेले असतात. मराठी माणसास हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. कीर्तनात बुवा एकटेच आख्यान लावतात, पण टाळकरी आणि मृदंगवादक यांच्यावाचून ते आख्यान उभे राहत नाही. बुवांचा स्वर कोठे उचलावा आणि कोठे शांत राहून त्यांच्या शब्दाला वाट द्यावी, हे साथीदार जाणत असतात. 'नाथवती अनाथवत्'मधील साथीदारांचे कार्यही याच जातीचे होते.

द्यूतसभेच्या प्रसंगी या घाटाचे सामर्थ्य प्रत्ययास येते. स्वतःस हरलेल्या पतीला पत्नी पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, हा द्रौपदीचा प्रश्न. भीष्म धर्माची सूक्ष्मता सांगून निर्णय टाळतात; विदुर आणि विकर्ण बोलतात, पण त्यांचे कोणी ऐकत नाही. इरावतीबाईंनी तर्काच्या कसोटीवर या प्रश्नाची चिकित्सा करताना द्रौपदीलाही दोष देण्यास मागेपुढे पाहिले नाही. पुस्तकाचा वाचक ही चिकित्सा शांतपणे तपासू शकतो. नाटकात मात्र तो प्रश्न जिवंत कंठातून येतो आणि उत्तर देण्यास समोर प्रेक्षकांखेरीज कोणीच नसते. कौरवांची मौन सभा जणू प्रेक्षागृहातच बसलेली असते. अनेक नट रंगमंचावर असते, तर हा भार त्यांच्यात विभागला गेला असता. एकपात्री रूपाची निवड येथे केवळ सोयीची राहत नाही. ती आशयाचीच मागणी ठरते.

महाप्रस्थानाच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीला भीमाचे प्रेम उमगते, हा 'युगान्त'मधील शेवट इरावतीबाईंच्या स्वतःच्या कल्पनेचा होता आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. व्यासांच्या कथेत पुण्याच्या एका संशोधिकेने आपला स्वर मिसळला आणि कलकत्त्याच्या एका अभिनेत्रीने तो पुढे नेला. इरावतीबाईंचे निधन १९७० साली झाले. आपल्या निबंधातून परप्रांतात एवढे मोठे नाटक उभे राहिलेले पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

शाओलींनी १९९० मध्ये 'कथा अमृतसमान' हे दुसरे महाभारतनाट्य केले. २००३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००९ साली पद्मश्री मिळाली. १६ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या आख्यानातील द्रौपदी नाथ असूनही अनाथ होती. ती व्यथा सांगणारी अभिनेत्री मात्र रंगमंचावर एकटी दिसत असूनही एकाकी नव्हती. आईवडिलांनी दिलेली शिस्त, साथीदारांचे सूर, कथकांची पुरातन रीत आणि दूरच्या पुण्यातील एका लेखिकेचा निर्भय विचार तिच्या सोबतीस होता. म्हणून एकपात्री प्रयोगानंतर टाळ्या वाजवताना रसिकाने दिसणाऱ्या कलावंताबरोबर न दिसणाऱ्यांचेही स्मरण ठेवावे, हेच उचित होय.