खंडीचें माप आणि वायूंचें माप

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर लाखनी हें गांव लागतें. भोंवतालचा सारा मुलूख धानाचा व तलावांचा. पावसाळा लागला कीं बांध्या पाण्यानें भरतात, चिखलणी होते, पऱ्ह्यांची रोवणी होते आणि दिवाळीच्या सुमारास धान खळ्यावर येऊं लागतें. तें मोजण्यासाठीं खंडी, पायली हे शब्द या भागांतील बोलींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. परंतु खंडी म्हणजे सर्वत्र एकच वजन असें कधींच नव्हतें. मुंबईच्या कापूसबाजारांतील खंडी ७८४ पौंडांची, तर मद्रासकडील खंडी ५०० पौंडांची. नांव एक आणि माप निराळें, अशा स्थितींत परमुलखाशीं व्यवहार करतांना कोणाची तरी फसगत व्हावयाचीच. १९५६ सालीं वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक मापें टप्प्याटप्प्यानें लागू झालीं आणि किलोग्रॅम व क्विंटल यांनीं हा घोळ पुष्कळसा मिटविला.

किलोग्रॅमचें काम मानानें सोपें होतें. धान असो, कापूस असो वा लोखंड असो, वजन हा गुण सर्वांच्या ठायीं असतोच. तो तराजूला नुसता दाखवावयाचा असतो. परंतु एक खंडी धान आणि एक बैलजोडी यांची तुलना करावयाची झाली तर तराजू निरुपयोगी ठरतो. तेथें मोल ठरवावें लागतें, आणि मोल हें ठरविणाऱ्याच्या गरजेप्रमाणें बदलतें. विसाव्या शतकाच्या अखेरीस जगांतील राष्ट्रांपुढें असाच एक प्रश्न उभा राहिला. लाखनीच्या बांधींतून निघणारा वायु आणि दूरच्या महानगरांतील मोटारीचा धूर हे एकाच आंकड्यांत कसे मांडावयाचे? हवा तापविणाऱ्या निरनिराळ्या वायूंसाठीं जें एक माप त्यांतून निर्माण झालें, त्याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. कारण त्यांतील एकेका आंकड्यामुळें धान पिकविणाऱ्या लक्षावधि कुटुंबांच्या माथ्यावरचा दोष हलका किंवा जड होतो.

पाणथळ जागेंतून जळणारा वायु निघतो, हें इटलींतील शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यानें १७७६ सालीं माज्जोरे सरोवरांतील चिखल ढवळून पाहिलें. त्यालाच पुढें मिथेन हें नांव मिळालें. १८५९ सालीं लंडनमध्यें जॉन टिंडल यानें प्रयोगानें दाखविलें कीं, नायट्रोजन व ऑक्सिजन यांतून उष्णता बहुतेक अडथळ्यावांचून पार होते; पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड व कोळशाचा ज्वलनवायु मात्र ती शोषून घेतात. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसनें १८९६ सालीं हवेंतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचें गणित केलें. इतकें ज्ञान जमलें तरी निरनिराळ्या वायूंची एकत्र बेरीज करण्याचें कारण अद्याप कोणास पडलें नव्हतें.

ही बेरीज अवघड कां, हें धानाच्या बांधीकडे पाहिलें म्हणजे कळतें. पाणी सांचून राहिलें कीं खालच्या चिखलांत ऑक्सिजन उरत नाहीं. तेथें कुजणाऱ्या मुळांवर व धसकटांवर कांहीं सूक्ष्म जीव जगतात आणि मिथेन तयार करतात. हा वायु धानाच्या पोकळ देठांतून वाट काढून हवेंत येतो. हवेंत तो सुमारे बारा वर्षें टिकतो व मग विघटन पावतो. मात्र जोंपर्यंत असतो तोंपर्यंत तो वजनाच्या मानानें फार उष्णता अडवितो. युरियासारख्या खतांपासून निघणारा नायट्रस ऑक्साइड शंभराहून अधिक वर्षें टिकतो. कार्बन डायऑक्साइडला तर ठराविक आयुष्यच नाहीं. त्याचा कांहीं भाग समुद्र व झाडें लौकर शोषतात आणि कांहीं भाग हजारों वर्षें हवेंत राहतो. एक पाहुणा दोन दिवसांत घर डोक्यावर घेऊन निघून जातो, दुसरा शांतपणें येतो पण उठण्याचें नांव घेत नाहीं. दोघांपैकीं त्रासदायक कोण, याचें उत्तर हिशेब किती दिवसांचा मांडावयाचा यावर अवलंबून आहे.

वायूंच्या तुलनेचा एक नमुना तोंवर तयार झाला होता. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांवर बंधन घालणारा मॉन्ट्रियल करार १९८७ च्या सप्टेंबरांत झाला. त्यांत सीएफसी-११ या वायूची हानि एक धरून इतर रसायनांना त्या प्रमाणांत आंकडे दिले होते. हाच विचार तापमानवाढीला लावण्याचा यत्न पुढें झाला. १९९० च्या एप्रिलमध्यें ‘नेचर’ या नियतकालिकांत डॅनियल लॅशॉफ व दिलीप अहुजा या दोघांनीं निरनिराळ्या वायूंचा तापमानवाढींतील वांटा काढण्याची एक रीति मांडली. त्याच वर्षीं हवामानबदलाविषयींच्या आंतरसरकारी मंडळाचा पहिला अहवाल आला व त्यांत ‘जागतिक तापनक्षमता’ या नांवाचें माप दिलें होतें. त्याचा अर्थ सरळ आहे. एक किलो वायु आज हवेंत सोडला तर ठरविलेल्या मुदतींत तो एकूण किती उष्णता अडवील, आणि तेवढ्याच मुदतींत एक किलो कार्बन डायऑक्साइड किती अडवील, या दोहोंचें हें प्रमाण. या प्रमाणानें वजनाला गुणलें कीं उत्तर ‘कार्बन डायऑक्साइड-सममूल्य’ या एककांत मिळतें.

पहिल्या अहवालांत मिथेनला एक नव्हे, तीन आंकडे होते. मुदत वीस वर्षांची धरली तर ६३, शंभर वर्षांची धरली तर २१ आणि पांचशें वर्षांची धरली तर ९. या कल्पनेंतील अडचणी दाखविण्यासाठीं एक साधी रीति घेतली आहे, असें त्या अहवालांतच नमूद होतें. परंतु कारभाराला अडचणींपेक्षां आंकडा हवा असतो. शंभर वर्षांची मुदत हळूहळू रूढ झाली व १९९७ च्या क्योटो करारानें तिच्यावर शिक्कामोर्तब केलें. शंभर ही संख्या मिथेनच्या गुणधर्मांतून निघालेली नाहीं. ती माणसांनीं निवडलेली आहे.

या मापाचा पहिला मोठा वाद भारताशीं संबंधित होता. वॉशिंग्टन येथील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या १९९० सालच्या अहवालांत सर्व वायू एकत्र करून राष्ट्रांची क्रमवारी लावली होती व तींत भारताला पांचवें स्थान मिळालें होतें. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेचे अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनीं १९९१ सालीं एक पुस्तिका लिहून या मांडणीवर कडक टीका केली. त्यांचा आक्षेप दुहेरी होता. समुद्र व वनें जो वायु शोषतात, त्याचा वांटा लोकसंख्येप्रमाणें न देता ज्यानें अधिक धूर सोडला त्याला अधिक, असा त्या अहवालांत दिला होता, हा एक. आणि पोटापाण्यासाठीं निघणारा वायु व चैनीसाठीं निघणारा वायु यांना एकाच पंक्तींत बसविणें न्यायाचें नाहीं, हा दुसरा. धानाच्या बांधीला मोटारीशेजारीं उभें करूं नये, हें त्यांच्या म्हणण्याचें सार.

त्याच सुमारास दुसरें एक काम अधिक शांतपणें चाललें होतें. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें भारतांतील धानशेतींतून दरवर्षीं सुमारे ३ कोटी ७८ लक्ष टन मिथेन निघतो असा अंदाज केला होता. या अंदाजामागें युरोप-अमेरिकेंतील शेतांवर घेतलेलीं मापें होतीं. तेथील जमीन, तेथील पाणी आणि तेथील हवा यांवरून हिंदुस्थानचा हिशेब काढला होता. डॉ. अशेष प्रसाद मित्रा यांच्या पुढाकारानें १९९१ सालीं देशांतील शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या प्रांतांतील धानशेतांवर प्रत्यक्ष मोजणी केली. रोपांवर बंद पेटी ठेवावयाची, ठराविक वेळानें आंतील हवेचा नमुना सुईनें काढावयाचा व प्रयोगशाळेंत त्यांतील मिथेन मोजावयाचा, अशी ती पद्धति. त्यांतून आलेला आंकडा सुमारे ४० लक्ष टन होता. म्हणजे परदेशी अंदाजाच्या नवव्या हिश्शाच्या जवळपास.

या फरकाला सममूल्याच्या भाषेंत मांडलें कीं त्याचें गांभीर्य ध्यानांत येतें. ३ कोटी ७८ लक्ष टनांस २१ नें गुणलें तर जवळजवळ ७९ कोटी टन होतात. ४० लक्ष टनांस गुणलें तर साडेआठ कोटींच्याही आंत. सत्तर कोटी टनांचा बोजा धानकऱ्याच्या डोक्यावरून उतरला तो कोणत्याही वाक्‌चातुर्यानें नव्हे, तर चिखलांत उभें राहून केलेल्या मोजणीनें. गुणक कितीही बिनचूक असला तरी मूळ वजन चुकीचें असेल तर गुणाकार ती चूक वाढवून दाखवितो.

२००४ सालीं भारत सरकारनें संयुक्त राष्ट्रांना आपलें पहिलें निवेदन सादर केलें. त्यांत १९९४ सालासाठीं धानशेतींतील मिथेन ४० लक्ष ९० हजार टन धरला होता व देशाची एकूण बेरीज सुमारे १२२ कोटी ८५ लक्ष टन सममूल्य होती. २१ च्या गुणकानें धानशेतीचा वांटा ८ कोटी ५९ लक्ष टन, म्हणजे शेंकडा सात. १९९५ च्या दुसऱ्या अहवालांत वीस वर्षांसाठीं मिथेनचा गुणक ५६ व पांचशें वर्षांसाठीं साडेसहा होता. पहिला घेतला असता तर तेंच धान जवळजवळ २३ कोटी टनांचें ठरलें असतें. दुसरा घेतला असता तर अवघ्या पावणेतीन कोटींच्या आंत. शेतांत कांहींच बदललें नाहीं. बदलली ती हिशेबाची मुदत.

मुदत तीच ठेवली तरीही गुणक स्थिर राहिलेला नाहीं. शंभर वर्षांसाठीं मिथेनला २००७ च्या अहवालानें २५ दिले, २०१३ च्या अहवालानें २८, आणि २०२१ च्या अहवालानें शेतींतून व दलदलींतून निघणाऱ्या मिथेनला सुमारे २७. ज्या बांधींतून शंभर किलो मिथेन निघतो, तिच्या खात्यावर क्योटोच्या काळीं २१०० किलो पडले असते, पुढें २५०० आणि मग २८००. यांत लबाडी नाहीं. मिथेनमुळें हवेंत उत्पन्न होणारे इतर परिणाम अधिक नीट कळूं लागले; शिवाय हवेंतील कार्बन डायऑक्साइड वाढत गेल्यानें त्याच्या प्रत्येक नव्या किलोचा परिणाम किंचित्‌ उतरतो, म्हणजे ज्याच्याशीं तुलना करावयाची तें मापच हलतें आहे. पॅरिस कराराचे नियम २०१८ सालीं पोलंडमधील कातोवित्से येथें ठरले, त्यांत २०१३ च्या अहवालांतील शंभर वर्षांचे गुणक घेतले गेले.

मग हें माप टाकून द्यावें काय? तसें म्हणतां येत नाहीं, आणि त्याचें कारणही बांधींतच आहे. बांधींत सतत पाणी न ठेवतां मधून ती सुकविली तर मातींत हवा शिरते व मिथेन घटतो. २०१९ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणें हंगामांत एकदां पाणी काढल्यास मिथेन शेंकडा २९ नें आणि अनेकदां काढल्यास शेंकडा ४५ नें कमी धरतात. परंतु ओलें-सुकें होणाऱ्या मातींतून नायट्रस ऑक्साइड अधिक निघूं लागतो. एक वायु घटला, दुसरा वाढला; नफा झाला कीं तोटा? येथें समान मापावांचून उत्तरच नाहीं. पॅरिसच्या नियमांप्रमाणें मिथेनचा गुणक २८ व नायट्रस ऑक्साइडचा २६५. शंभर किलोंपैकीं २९ किलो मिथेन वांचला तर ८१२ किलो सममूल्य वांचलें. तें फुकट जाण्यास नायट्रस ऑक्साइड तीन किलोंहून अधिक वाढावा लागेल. खत बेतानें घातलें तर ती वाढ आटोक्यांत ठेवतां येते. असा व्यवहारी निर्णय घेण्यास हें माप खरोखर उपयोगी पडतें.

त्याची मर्यादाही याच मुलखांतील पाण्याच्या उदाहरणानें समजते. निचऱ्याची वाट मोकळी असलेल्या बांधींत जितकें पाणी येतें तितकें बाहेर जात असेल, तर पातळी तेवढीच राहते. सांडवा नसलेल्या तलावांत मात्र येणारा प्रत्येक घडा पातळी वाढवितो. मिथेन बांधीसारखा आहे, कार्बन डायऑक्साइड तलावासारखा. पिढ्यान्‌पिढ्या तेवढ्याच क्षेत्रांत पिकणारें धान हवेंतील मिथेनची पातळी साधारण टिकवून धरतें. कोळशाचा धूर मात्र दरवर्षीं नवी भर घालतो. शंभर वर्षांचा गुणक हा भेद पुसून टाकतो. ऑक्सफर्डचे माइल्स ॲलन व त्यांचे सहकारी यांनीं २०१८ च्या सुमारास मिथेनच्या वाढीवर किंवा घटीवर भर देणारी निराळी रीति पुढें मांडली. तिच्यावरही आक्षेप आहेत. ज्यांनीं पूर्वीपासून भरपूर मिथेन सोडला त्यांची जुनी पातळी ती माफ करते आणि थोडी घट केली तरी त्यांना शाबासकी देते. गरीब देशानें दोन गुरें वाढविलीं तर त्याला मात्र जड भार लावते. म्हणजे न्यायाचा प्रश्न माप बदलल्यानें सुटत नाहीं. तो नव्या मापांत नव्या जागीं जाऊन बसतो.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय हिशेबांत एक चांगली चाल आहे ती जपण्याजोगी आहे. प्रत्येक देशानें सममूल्याची बेरीज द्यावी, पण त्यासोबत मिथेन, नायट्रस ऑक्साइड व कार्बन डायऑक्साइड यांचें वजन निरनिराळ्या रकान्यांतही द्यावें, असा तेथें दंडक आहे. लाखनीच्या शेतकऱ्याला उद्यां कोणी त्याच्या धानाचा वायु-हिशेब दाखविला, तर त्यानें तीन गोष्टी अवश्य विचाराव्या. बेरजेमागें मूळ वजनें कोणतीं? तीं कोणत्या शेतावर मोजलीं? आणि मुदत किती वर्षांची धरली? खळ्यावर परक्या मापाऱ्याची पायली उलटी करून तिचें बूड पाहणाऱ्या माणसाला हे प्रश्न अवघड वाटूं नयेत.