स्टार खेळाडूंच्या संघाला पॉइंट गार्ड कोणता हवा?

पीण्या (बंगळुरू) : बास्केटबॉल संघात दोन-तीन नामांकित खेळाडू असतील, तर त्यांच्या जोडीला पॉइंट गार्ड कोणता घ्यावा, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वोत्तम तो घ्यावा, असे उत्तर सहज सुचते. गेल्या तीन दशकांतील मोठ्या स्पर्धांचा इतिहास मात्र हे उत्तर अनेकदा खोटे ठरवतो. स्वतःच्या नावावर सर्वाधिक गुण वा विक्रम असलेला गार्ड संघाला पुढे नेईलच असे नाही. संघातील स्टार खेळाडूंना जे जमत नाही, किंवा जे करण्यात त्यांची शक्ती वाया जाते, ते काम अंगावर घेणारा गार्डच बहुधा विजेतेपदापर्यंत पोहोचवतो.

हा प्रश्न अमेरिकेतील व्यावसायिक संघांपुरता मर्यादित नाही. १९७० च्या दशकात आकाराला आलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रासारख्या परिसरात, जिथे हजारो लहान-मोठे कारखाने आहेत, कंपनीचा संघ उभा करतानाही तोच पेच पडू शकतो. विद्यापीठ वा राज्य पातळीवर खेळलेले दोघे हाताशी असतात. त्यांच्यापर्यंत चेंडू कोणी पोहोचवायचा, हे ठरवायचे उरते. पीण्याहून मेट्रोने तासाभराच्या आत शहराच्या मध्यभागी असलेल्या श्री कांतीरवा इनडोअर स्टेडियमजवळ पोहोचता येते. या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर २०१९ मध्ये त्याच मैदानावर पाहायला मिळाले.

पॉइंट गार्डचे काम

पाच जणांच्या संघात पॉइंट गार्डला क्रमांक एकची जागा म्हणतात. चेंडू आपल्या अर्ध्यातून प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात नेणे, चढाईची रचना ठरवणे आणि योग्य सहकाऱ्याला योग्य क्षणी पास देणे ही त्याची मुख्य कामे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चेंडू ८ सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो आणि २४ सेकंदांत बास्केटच्या दिशेने फेक करावी लागते. या २४ सेकंदांचा हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का असतो, तो पॉइंट गार्ड. ज्या पासवरून सहकारी लगेच बास्केट करतो, त्या पासची नोंद ‘असिस्ट’ म्हणून होते आणि गार्डचे मोजमाप बहुतेक वेळा याच आकड्यावरून केले जाते.

परंतु मैदानावर चेंडू एकच असतो. स्टार खेळाडू स्वतः चेंडू हाती ठेवून खेळणारा असेल, तर तशाच पद्धतीने खेळणारा गार्ड आणल्यास दोघांपैकी एकाला उभे राहून पाहावे लागते. उलट स्टार खेळाडू उंच सेंटर किंवा दुरून अचूक फेक करणारा असेल, तर त्याच्यापर्यंत वेळेवर चेंडू पोहोचवणाऱ्याशिवाय त्याचे कौशल्य निरुपयोगी ठरते. म्हणून गार्डची निवड स्टार खेळाडूच्या स्वभावापासून सुरू व्हायला हवी.

बंगळुरू ते टोकियो

२४ ते २९ सप्टेंबर २०१९ या काळात महिलांची आशिया चषक स्पर्धा बंगळुरूत झाली. अंतिम सामन्यात जपानने चीनला ७१-६८ असे हरवले. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला तो एखाद्या उंच सेंटरला नव्हे, तर सुमारे पाच फूट पाच इंच उंचीच्या नाको मोटोहाशी या जपानी पॉइंट गार्डला. चीनच्या उंच खेळाडूंसमोर जपानचे बळ वेगात होते, आणि मोटोहाशी वेगाने आत घुसून स्वतः गुण मिळवणारी गार्ड होती.

दोन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये परिस्थिती बदलली. जपानची १९० सेंटीमीटरहून अधिक उंचीची आघाडीची खेळाडू रामू तोकाशिकी गुडघ्याच्या दुखापतीमुळे संघाबाहेर होती. प्रशिक्षक टॉम होवास यांनी संघाची रचना तीन गुणांच्या फेकीवर बेतली. अशा संघाला स्वतः गुण मिळवणाऱ्यापेक्षा फेक करणाऱ्यांना मोकळी जागा मिळवून देणारी गार्ड हवी होती. मोटोहाशी त्या संघातही होती, पण चढाईची सूत्रे प्रामुख्याने १६२ सेंटीमीटर उंचीच्या रुई माचिदाकडे गेली. उपांत्य सामन्यात जपानने फ्रान्सला ८७-७१ असे नमवले, त्यात माचिदाने १८ असिस्ट दिले. महिला बास्केटबॉलमधील तो त्या वेळचा ऑलिंपिक विक्रम ठरला. अंतिम सामन्यात अमेरिकेकडून ७५-९० अशी हार पत्करावी लागली, तरी जपानला बास्केटबॉलमधील आपले पहिले ऑलिंपिक पदक मिळाले.

एकाच देशाच्या दोन संघांना दोन वेगळ्या गार्डची गरज भासली, हे यातील महत्त्वाचे सूत्र. दोघींत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न त्यामुळे गौण ठरतो.

चेंडू स्टार खेळाडूच्याच हाती असेल तर

१९९६-९७ च्या हंगामातील एनबीएची अंतिम मालिका या दृष्टीने बोलकी आहे. एका बाजूला युटा जॅझचा जॉन स्टॉकटन होता. एनबीएमध्ये सर्वाधिक, म्हणजे १५,८०६ असिस्टचा त्याचा विक्रम आजही अबाधित आहे. दुसऱ्या बाजूला शिकागो बुल्सकडे मायकेल जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन होते. चढाईची सूत्रे बहुतांश या दोघांकडेच असत. त्यामुळे शिकागोला पारंपरिक पॉइंट गार्डची गरजच नव्हती. रॉन हार्पर बचावासाठी आणि स्टीव्ह कर दुरून अचूक फेकीसाठी संघात होते.

सहाव्या सामन्यात अखेरच्या क्षणी गुण ८६-८६ असे बरोबरीत होते. जॉर्डनला अडवण्यासाठी स्टॉकटन करला सोडून त्याच्याकडे धावला, जॉर्डनने मोकळ्या झालेल्या करकडे चेंडू दिला आणि करने बास्केट केली. शिकागोने सामना ९०-८६ आणि मालिका ४-२ अशी जिंकली. गार्ड म्हणून स्टॉकटन करपेक्षा कितीतरी मोठा, यावर दुमत नाही. पण जॉर्डनशेजारी उभा राहण्यासाठी कर पुरेसा होता. त्याला सोडून बचावपटू जॉर्डनकडे गेला तर त्याची शिक्षा मिळेल, एवढे भय निर्माण करणे हेच त्याचे काम होते.

स्टार खेळाडूंना चेंडू पोहोचवायचा असेल तर

बोस्टन सेल्टिक्सचे उदाहरण याच्या उलट आहे. २००७ मध्ये पॉल पिअर्सच्या जोडीला केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन हे दोन मोठे खेळाडू आले. तिघेही अनुभवी, तिघेही गुण मिळवणारे. पॉइंट गार्डच्या जागी मात्र एनबीएतील दुसराच हंगाम खेळणारा रेजॉन रोंडो होता. त्याची दुरून फेक कच्ची होती. तरीही तिघांना त्यांच्या आवडीच्या जागी चेंडू देणे आणि प्रतिस्पर्धी गार्डला सतत त्रास देणे, ही दोन कामे तो चोख करी. आधीच्या हंगामात केवळ २४ सामने जिंकलेल्या सेल्टिक्सने २००७-०८ मध्ये ६६ सामने जिंकले. लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात बोस्टनने १३१-९२ असा विजय मिळवला, तेव्हा रोंडोच्या नावावर २१ गुण, ८ असिस्ट आणि ६ वेळा चेंडू हिसकावल्याची नोंद होती.

रोंडोतील उणीव तिघा दिग्गजांनी झाकली आणि त्यांची उणीव रोंडोने. तीच फेकीची उणीव एखाद्या अशा संघात, जिथे दुरून फेक करणारे कोणीच नाही, घातक ठरली असती.

नाव मोठे, मेळ नाही

२०१२ च्या उन्हाळ्यात लेकर्सने कोबी ब्रायंट आणि पाऊ गॅसोल यांच्या जोडीला पॉइंट गार्ड स्टीव्ह नॅश आणि सेंटर ड्वाइट हॉवर्ड यांना आणले. नॅश २००५ आणि २००६ असा सलग दोनदा एनबीएचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. कागदावर त्याहून सरस संघ शोधणे कठीण होते. प्रत्यक्षात हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात ३८ वर्षांच्या नॅशच्या पायाचे हाड मोडले, पाच सामन्यांनंतर प्रशिक्षक बदलण्यात आला आणि नॅश परतल्यावरही चेंडू त्याच्याकडे असावा की ब्रायंटकडे, हा तिढा सुटला नाही. लेकर्सने ४५ सामने जिंकले, ३७ गमावले आणि बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात सॅन अँटोनियो स्पर्सकडून ०-४ असा पराभव पत्करला. दुखापतींचा वाटा यात निर्विवाद आहे. परंतु ज्या गार्डचे सारे कौशल्य चेंडू हाती असण्यावर अवलंबून आहे, त्याला चेंडू न सोडणाऱ्या स्टार खेळाडूशेजारी उभे करण्याचा धोका निवडीच्या वेळीच दिसत होता.

मिल्वॉकीचे दोन निर्णय

या विषयावरील सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत महागडा धडा मिल्वॉकी बक्सचा आहे. यानिस अँटेटोकुम्पो हा त्यांचा प्रमुख खेळाडू. साखळीत अव्वल राहूनही २०२० मध्ये बक्स बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यात मायामीकडून हरले. त्यांचा गार्ड एरिक ब्लेडसो बाद फेरीत दुरून फेकीत कमी पडत असल्याने प्रतिस्पर्धी त्याला सोडून यानिसभोवती गर्दी करीत. नोव्हेंबर २०२० मध्ये बक्सने ब्लेडसो, जॉर्ज हिल आणि भविष्यातील पहिल्या फेरीच्या निवडीचे अनेक हक्क देऊन जेरू हॉलिडेला आणले. हॉलिडे गुणांच्या यादीत अग्रस्थानी राहणारा खेळाडू नव्हता. त्याची ख्याती बचावासाठी होती.

२०२१ च्या अंतिम मालिकेत फिनिक्सविरुद्ध २-२ अशी बरोबरी असताना पाचव्या सामन्यातील अखेरच्या क्षणांत हॉलिडेने डेव्हिन बुकरच्या हातातून चेंडू हिसकावला आणि धावत्या यानिसला उंच पास दिला. त्या बास्केटने सामना बक्सकडे झुकला. पुढच्या सामन्यात बक्सने ५० वर्षांनंतर विजेतेपद मिळवले.

सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच बक्सने हॉलिडेला सोडून डेमियन लिलार्ड हा कितीतरी अधिक गुण मिळवणारा गार्ड घेतला. काही दिवसांतच हॉलिडे बोस्टनला गेला. तेथे जेसन टेटम आणि जेलन ब्राउन हे दोन स्टार खेळाडू होते. हॉलिडेने स्वतःचे गुण कमी होऊ दिले, बचावाचा भार उचलला आणि जून २०२४ मध्ये सेल्टिक्स विजेते ठरले. बक्स मात्र २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षे पहिल्याच टप्प्यात बाहेर पडले. २०२४ मध्ये यानिस जखमी होता आणि २०२५ मध्ये लिलार्डला गंभीर दुखापत झाली, हे लक्षात घेतले तरी एक गोष्ट उरते : गुण मिळवणारा यानिस बक्सकडे होताच. त्यांनी सोडले ते प्रतिस्पर्ध्याच्या गार्डला रोखणारे हात.

भारतासमोरचा प्रश्न

भारतात हा विचार अधिक निकडीचा आहे, कारण येथे उंच खेळाडू मोजके आणि एकत्र सरावाचा काळ त्याहून मोजका. पुरुष संघात लुधियाना अकादमीत घडलेले अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग यांच्यासारखे उंच खेळाडू असताना भारताने जुलै २०१४ मध्ये वुहान येथे चीनला ६५-५८ असे हरवले. अशा विजयांमागे आत उभ्या असलेल्या उंच खेळाडूपर्यंत दबावाखाली चेंडू नेणारे गार्ड असावे लागतात.

महिला संघाने २०१७ मध्ये कांतीरवा स्टेडियमवरच आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाचे विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात कझाकस्तानचा ७५-७३ असा निसटता पराभव झाला आणि भारत वरच्या विभागात गेला. दोन वर्षांनी त्याच मैदानावर वरच्या विभागात खेळताना संघ आठव्या, म्हणजे शेवटच्या स्थानी राहिला. जपानसारखा संघ पूर्ण मैदानभर दबाव टाकतो, तेव्हा चेंडू मध्यरेषेपलीकडे नेणे हेच पहिले आव्हान ठरते. पुण्याच्या शिरीन लिमयेने २०२१ च्या आशिया चषकात भारताचे नेतृत्व केले. तिच्यासारख्या गुण मिळवू शकणाऱ्या खेळाडूलाच चेंडू वर आणण्याचे कष्ट पडू लागले, तर फेकीच्या वेळी तिचे पाय थकलेले असणार. गार्डची निवड चुकल्याची किंमत अशी स्टार खेळाडूला मोजावी लागते.

रेल्वे, सेनादल, बँका आणि सार्वजनिक उपक्रम हे भारतीय खेळाडूंचे प्रमुख आश्रयदाते आहेत. राष्ट्रीय शिबिरात एकत्र येणारे पाच जण वर्षभर वेगवेगळ्या संघांतून खेळलेले असतात. इतरांच्या सवयी ओळखण्याची सर्वाधिक गरज ज्याला असते, त्या पॉइंट गार्डलाच त्यासाठी सर्वांत कमी वेळ मिळतो.

निवड करताना काय पाहावे

या उदाहरणांतून निवडीचे काही निकष हाती लागतात आणि ते राष्ट्रीय संघाइतकेच कारखान्याच्या संघालाही लागू पडतात.

पहिला, चेंडू कोणाच्या हाती असणार हे आधी ठरवावे. स्टार खेळाडू स्वतः चढाई रचत असेल, तर गार्डला चेंडूविना खेळता आले पाहिजे : मोकळ्या जागी उभे राहणे, मिळालेली फेक अचूक करणे.

दुसरा, गार्डला मोकळे सोडले तर काय होते ते पाहावे. त्याची फेक प्रतिस्पर्ध्याला भीती वाटण्याइतपत नसेल, तर त्याचा बचावपटू स्टार खेळाडूकडे धावतो. अशा गार्डने ती उणीव वेगाने वा पासने भरून काढायला हवी.

तिसरा, बचाव. स्टार खेळाडूंवर चढाईचा भार असल्याने प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत चपळ खेळाडू कोणी अडवायचा, याचे उत्तर बहुधा पॉइंट गार्डच असतो.

चौथा, असिस्ट किती यापेक्षा प्रत्येक असिस्टमागे चेंडू किती वेळा गमावला, हे तपासावे. आठ असिस्ट देऊन सहा वेळा चेंडू गमावणाऱ्यापेक्षा पाच असिस्ट देऊन एकदाच गमावणारा अधिक उपयोगी.

पाचवा आणि निर्णायक निकष म्हणजे एकत्र चाचणी. उमेदवारांना एकमेकांविरुद्ध खेळवल्यास त्यांच्यातील श्रेष्ठ कोण ते कळते. प्रत्येकाला आळीपाळीने स्टार खेळाडूंच्या बाजूने समान वेळ खेळवून त्या वेळेत संघाने किती गुण मिळवले आणि किती दिले याची नोंद ठेवल्यास योग्य कोण ते कळते. या चाचणीला मोठा खर्च लागत नाही. एक वही, एक घड्याळ आणि तीन-चार सराव सामने पुरतात.

या नोंदीत जो पुढे राहतो, त्याचे नाव गुणांच्या यादीत तळाशी असू शकते. ते तसे असूनही त्याला खेळवण्याचे धैर्य निवड करणाऱ्याने दाखवावे लागते.