अकरावा मज्जातंतू

आमच्या मामांचा उजवा खांदा कायम उतरलेला असे. १९६५ साली त्यांना तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत त्या बाजूच्या मानेतील गाठीही काढल्या. प्राण वाचले, पण त्या दिवाळीपासून आकाशकंदील टांगायला हात वर जाईना. असे का व्हावे, याचा उलगडा मला फार उशिरा, शरीरशास्त्राचा इतिहास वाचताना झाला.

मान वळवली की कानामागून छातीच्या हाडाकडे तिरपा उतरणारा स्नायू दोरीसारखा उठून दिसतो. दुसरा मानेपासून पाठीवर पसरलेला. खांदा तोलून धरणारा. या दोघांना चालवणारा मुख्य मज्जातंतू एकच, आणि त्याची वाट मोठी चमत्कारिक. मानेतल्या मज्जारज्जूतून तो निघतो, वर चढून कवटीत शिरतो आणि दुसऱ्या छिद्रातून पुन्हा मानेतच उतरतो. शेजारच्या घरी जायला वेशीला वळसा घालावा, तसा!

इंग्लंडच्या टॉमस विलिसने १६६४ साली आपल्या लॅटिन ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्यातील काही चित्रे क्रिस्टोफर रेनची. पुढे लंडनचे सेंट पॉल उभारणारा तोच हा. दुसऱ्या एका मोठ्या तंतूच्या सोबतीने जातो म्हणून विलिसने याला नाव दिले ‘साहाय्यक’. १७७८ मध्ये जर्मनीच्या सोमरिंगने मेंदूच्या तंतूंच्या बारा जोड्या मोजल्या. त्यांत हा अकरावा.

पुढे १९०६ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज क्राइलने कर्करोगासाठी मानेतील सर्व गाठी एकत्र काढण्याची पद्धत मांडली. हा तंतू नेमका त्या गाठींमधून जातो. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या हेज मार्टिनने तर तो राखण्याचा मोह धरूच नये, असा आग्रह धरला. रोग मागे राहण्याची धास्ती खरीच होती. पण अर्जेंटिनाच्या ओस्वाल्डो सुआरेझने १९६३ साली दाखवले की, गाठी आपल्या पातळ वेष्टनासह अलग सोलून काढता येतात. इटलीच्या एत्तोरे बोक्काने ती रीत जगभर नेली. आज रोगाने ग्रासला नसेल, तर हा तंतू शक्यतो राखतात.

सुआरेझचा लेख स्पॅनिश भाषेत, मामांच्या शस्त्रक्रियेच्या अवघी दोन वर्षे आधीचा. मी कुणाला दोष देत नाही. त्यांच्या शल्यवैद्याने त्या काळी ठाऊक होते तेच केले. पण ‘साहाय्यक’ हे नाव वाचले की मला अंगणातली ती शिडी आठवते. कंदील मी टांगत असे. मामा डाव्या हाताने शिडी धरून खाली उभे असत.