बिली कॅन

बिली कॅन किंवा नुसते बिली हे पाणी उकळण्यासाठी, चहा करण्यासाठी व उघड्यावर स्वयंपाक करण्यासाठी वापरले जाणारे हलके, दंडगोलाकार भांडे आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ते विशेष प्रचलित आहे. त्याचा आकार मराठी घरांतील कडीच्या डब्यासारखा असतो. पाणी आणणे, रांधणे, त्यातच खाणे आणि पिणे ही सर्व कामे एकाच भांड्यात होत असल्याने पाठीवर सामान वाहणाऱ्या पदभ्रमणकर्त्यांमध्ये ते आजही टिकून आहे.

नाव व इतिहास

'बिली' हे नाव मांसाच्या डब्यांवरील 'बुयी' (उकडलेले) या फ्रेंच शब्दावरून आले, असा लोकप्रिय समज आहे. स्कॉटलंडच्या बोलीतील 'बिली-पॉट' या शब्दापासूनची व्युत्पत्ती अधिक ग्राह्य मानली जाते. एकोणिसाव्या शतकात कामाच्या शोधात पायी हिंडणारे ऑस्ट्रेलियन मजूर, म्हणजे स्वॅगमन, वळकटीबरोबर बिली बाळगत. बँजो पॅटरसन यांनी १८९५ मध्ये लिहिलेल्या 'वॉल्ट्झिंग माटिल्डा' या गीतात ती येते. १९०३ मध्ये हेच गीत 'बिली टी' या चहाच्या जाहिरातीसाठी वापरले गेले.

घरगुती बनावट

खाद्यपदार्थाच्या रिकाम्या पोलादी डब्यापासून बिली तयार करता येते. झाकण कापल्यावर काठ कानशीने घासून बोथट करतात. काठाखाली समोरासमोर दोन छिद्रे पाडून त्यांत तारेची कडी अडकवतात. तार साधी पोलादी असावी. जस्ताचा मुलामा दिलेली तार फार तापल्यास अपायकारक धूर सोडते. कडी एका बाजूला कलती राहील एवढी लांब ठेवली, तर ती ज्वाळेपासून दूर राहते. डब्याच्या आतील लेप हा या कृतीतील खरा धोका आहे. अनेक डब्यांना आतून इपॉक्सी राळेचा थर असतो आणि उष्णतेने त्यातील बिसफेनॉल-ए सारखी रसायने अन्नात उतरू शकतात. त्यामुळे नेहमीच्या स्वयंपाकासाठी लेप नसलेले भांडे घेणे शहाणपणाचे ठरते.

शीतपेयाच्या ॲल्युमिनियम डब्याचे भांडे याहून हलके, जेमतेम १५ ग्रॅमच्या आसपास असते. मात्र त्यालाही आतून लेप असतो, शिवाय ते चटकन चेपते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून पाण्याविना असे पातळ भांडे विस्तवावर ठेवू नये.

धातूची निवड

ॲल्युमिनियमची घनता प्रति घन सेंटिमीटर २.७ ग्रॅम, टायटॅनियमची ४.५ आणि पोलादाची सुमारे ७.९ ग्रॅम असते. टायटॅनियम मजबूत असल्याने त्याचा पत्रा फार पातळ ठेवता येतो. पण त्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. आच एकाच जागी लागते आणि भात किंवा खिचडी बुडाला करपते. ज्याला फक्त पाणी उकळायचे आहे त्याला टायटॅनियम सोयीचे, रांधणाऱ्याला ॲल्युमिनियम.

पाण्याची एकपदरी पोलादी बाटली झाकण काढून विस्तवावर ठेवता येते. दुहेरी भिंतीची निर्वात बाटली मात्र कधीही तापवू नये. भिंतींमधील बंद पोकळीमुळे ती फुटू शकते.

वापर

बिली काठीला टांगून किंवा दगडांवर ठेवून तापवतात. चहाची पाने तळाशी बसावीत म्हणून भरलेली बिली हात लांब करून गोल फिरवण्याची ऑस्ट्रेलियात प्रथा आहे. कडी पक्की नसेल तर हा प्रकार अंगावर येतो. काजळी सहज निघावी म्हणून बाहेरून साबण चोळतात. महाराष्ट्रात चुलीवरच्या भांड्याच्या बुडाला राख-मातीचा लेप देण्याची रीत याच हेतूची आहे. प्रवासात काजळलेली बिली कापडी पिशवीत ठेवतात आणि तिच्या पोकळीत चहा, साखर किंवा छोटा स्टोव्ह भरतात.