दिवाणखान्यांतील खेळ हातांत

दूरचित्रवाणीच्या संचाला जोडून खेळावयाचीं यंत्रें आणि हातांत धरून खेळावयाचीं यंत्रें हीं एकाच घराण्यांतील असलीं, तरी त्यांचे स्वभाव अगदीं निराळे आहेत. पहिल्याला वीज भिंतींतून मिळते. दुसऱ्याला आपली शिदोरी आपल्याबरोबर वागवावी लागते. हा भेद दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु पहिल्या प्रकारच्या यंत्राचें दुसऱ्या प्रकारांत रूपांतर करूं पाहणाऱ्या हौशी मंडळींचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास, आणि त्यांच्याही आधीं तोच उद्योग करून पाहिलेल्या मोठमोठ्या कंपन्यांचा इतिहास, या एका भेदाभोंवतीं फिरत आला आहे. श्रोतेहो, तोच मी आज आपणांस सांगणार आहें.

असलें रूपांतर प्रथमच करावयास निघालेला तरुण बहुधा कसा आरंभ करतो? लहानपणीं जें यंत्र आवडलें होतें तें तो निवडतो, त्याला शोभेल असा मोठासा पडदा विकत घेतो, पेटीचा आराखडा काढतो, आणि सर्व झाल्यावर उरल्यासुरल्या जागेंत मावतील तेवढे सेल कोंबतो. हा क्रम सर्वस्वीं उलटा आहे, असें माझें मत आहे. आणि तो उलटा आहे हें चाळीस वर्षांपूर्वींच एका जपानी गृहस्थानें ओळखून ठेवलें होतें.

या गृहस्थाचें नांव गुनपेई योकोई. १९४१ सालीं त्यांचा जन्म झाला आणि १९६५ सालीं ते क्योटो शहरांतील निंटेंडो कंपनींत नोकरीस लागले. ही कंपनी त्या काळीं ‘हानाफुदा’ नांवाचे जपानी पत्ते करून विकीत असे, आणि ते पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणें एवढेंच योकोईंचें काम होतें. पुढें आगगाडीच्या प्रवासांत एक प्रवासी वेळ जात नाहीं म्हणून खिशांतील गणकयंत्राशीं चाळा करीत बसलेला त्यांना दिसला, आणि त्यावरून खिशांत मावेल अशा खेळाची कल्पना त्यांना सुचली, असें सांगतात. ही कल्पना सुचण्यास काळही अनुकूल होता. शार्प आणि कॅसिओ या दोन कंपन्यांत गणकयंत्रांच्या किमती उतरविण्याची जबरदस्त चढाओढ लागली होती व तिच्या ओघांत द्रवस्फटिकाचे लहान पडदे अतिशय स्वस्त झाले होते. गणकयंत्राच्याच जातीचा पडदा, घड्याळांत घालतात तसे गुंडीएवढे सेल आणि एकच खेळ, असें ‘गेम अँड वॉच’ हें खेळणें १९८० सालीं बाजारांत आलें. त्याचे निरनिराळे प्रकार मिळून ४ कोटी ३४ लाख नग खपले.

योकोईंचें सूत्र असें होतें कीं खेळण्यासाठीं अगदीं ताजें तंत्र शोधूं नये. जें तंत्र जुनें होऊन मुरलें आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना पाठ आहेत आणि जें स्वस्त झालें आहे, त्याचाच नव्या दिशेनें उपयोग करावा. हें सूत्र ऐकतांना कंजूषपणाचें वाटतें. त्याची खरी कसोटी लागली ती २१ एप्रिल १९८९ रोजीं, जेव्हां जपानांत ‘गेम बॉय’ विक्रीस आला. त्याची किंमत १२,५०० येन होती. पडदा हिरवट, त्याच्या मागें दिवा नाहीं, रंगांच्या जागीं एकाच रंगाच्या चार छटा. खोलींत उजेड नसेल तर कांहीं दिसावयाचें नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेंत अटारी कंपनीनें ‘लिंक्स’ हें यंत्र काढलें आणि पुढच्या वर्षीं सेगा कंपनीनें ‘गेम गिअर’. दोन्हींचे पडदे रंगीत, आंतून उजळलेले, पाहतांच मन मोहून घेणारे. परंतु या दोघांना आपण ज्यांना पेन्सिल सेल म्हणतों ते सहा सहा सेल लागत, आणि ते चारपांच तासांत, कधीं त्याहूनही लवकर, संपत. गेम बॉय चार सेलांवर पंधरा तासांच्या आसपास चाले. मुलाच्या हातांत यंत्र देणाऱ्या बापाला सेलांचा खर्च स्वतः भरावयाचा असतो, हें ज्याला कळलें तो जिंकला. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ति मिळून ११ कोटी ८६ लाखांवर नग विकले गेले. गेम गिअरचा आंकडा सुमारें एक कोटीच्या घरांत राहिला.

आतां आपल्या खऱ्या विषयाकडे वळूं. गेम बॉय हा मुळांतच हातांत धरण्यासाठीं जन्मलेला होता. दिवाणखान्यांत वाढलेलें यंत्र उचलून हातांत द्यावयाचें, हा प्रयोग निराळा. तो प्रथम हौशी लोकांनीं केला नाहीं, कारखानदारांनीं केला. १९९० च्या डिसेंबरांत जपानांत ‘पीसी इंजिन जीटी’ नांवाचें यंत्र आलें. घरच्या मोठ्या यंत्राचेच खेळ त्यांत जसेच्या तसे चालत. पडदा त्या काळाच्या मानानें उत्कृष्ट होता. किंमत मात्र ४४,८०० येन, म्हणजे गेम बॉयच्या साडेतीन पटींहून अधिक, आणि सहा सेल सुमारें तीन तासांत रिकामे. पांच वर्षांनीं, १९९५ च्या ऑक्टोबरांत, सेगानें अमेरिकेंत ‘नोमॅड’ विक्रीस आणला. घरच्या मेगा ड्राइव्ह यंत्राच्या कार्ट्रिज—आपल्याकडे मुलें यांना ‘कॅसेट’ म्हणत—सरळ या हातांतल्या यंत्रांत बसत. कल्पना मोठी बहारीची. पण सेलांना यंत्राच्या पेटींत जागाच मिळाली नव्हती! सहा सेलांची निराळी डबी पाठीला अडकवावी लागे, आणि तीही दोनतीन तासांची सोबत. सर्व कांहीं निवडून झाल्यावर शिदोरीची आठवण झाली म्हणजे काय होतें, याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाहीं.

हौशी माणसाचा प्रवेश होतो तो २००० सालीं. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत राहणाऱ्या बेंजामिन हेकेनडॉर्न या तरुणानें अटारी २६०० हें १९७७ सालचें यंत्र मोडून त्याचें हातांत धरतां येईल असें रूपांतर केलें. त्याचा व्यवसाय चित्रांचे व पाट्यांचे आराखडे करण्याचा. विद्युच्छास्त्राची पदवी त्याच्यापाशीं नव्हती. त्यानें पुढें आणखी यंत्रांचीं रूपांतरें केलीं आणि २००५ सालीं या विद्येवर एक पुस्तकही लिहिलें. त्याचें उदाहरण पाहून देशोदेशींचे हौशी या कामाला लागले.

अटारी २६०० ची निवड किती समंजस होती पाहा. त्या यंत्रांत मुख्य चकत्या अवघ्या तीन. तात्पुरती स्मृति १२८ बाइट, म्हणजे अगदींच थोडी. कापून लहान करावें असें आंत फारसें कांहीं नाहीं, आणि चुकलें तर शोधावयास जागाही थोड्याच. शिवाय त्याला बाहेरून ९ व्होल्ट लागत, आणि दीड व्होल्टांचे सहा पेन्सिल सेल ओळीनें जोडले कीं बरोबर ९ व्होल्ट होतात.

पण येथेंच एक गोम आहे, आणि पहिल्या रूपांतरांतील बहुतेक निराशा तिच्यांतूनच जन्मते. अटारीच्या चकत्यांना ९ नव्हे, ५ व्होल्ट हवे असतात. मधला फरक ७८०५ या नांवाचा तीन पायांचा एक सुटा भाग घालवितो. घालवितो हेंच खरें, कारण तो उरलेल्या चार व्होल्टांची निव्वळ उष्णता करतो. सेलांतून निघालेल्या विजेच्या नऊ भागांपैकीं चार भाग अशा रीतीनें पेटी तापविण्यांत खर्ची पडतात. मूळ इंजिनिअरला दोष देण्याचें कारण नाहीं. त्याच्या यंत्राला भिंतींतून वीज मिळत होती. त्यानें स्वस्त व भरंवशाचा भाग निवडला. पण यंत्र भिंतीपासून सोडविलें कीं त्याचा तो शहाणपणा आपल्या गळ्यांत पडतो. म्हणून तो भाग काढून त्या जागीं स्विचिंग जातीचा रेग्युलेटर बसवावा. चांगला असेल तर तो शेंकडा नव्वदपर्यंत वीज कामीं लावतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून हे दोन्ही भाग मिळतात, आणि दिसण्यांत दुसऱ्याचें आकर्षण कांहींच नाहीं.

पडद्याचीही कथा अशीच. सोनी कंपनीनें २००० सालीं ‘पीएस वन’ हें लहान यंत्र काढलें व त्याला जोडण्यासाठीं पांच इंची पडदा विकला. हा पडदा वर्षानुवर्षें हौशी लोकांचा लाडका होता. त्यांतील नळीसारखा दिवा वीज फार खाई, म्हणून जाणते लोक तो उपटून त्या जागीं एलईडी बसवीत. दुसरीही एक अडचण होती. जुनीं यंत्रें आपलें चित्र रेडिओलहरींवर चढवून संचाच्या एरिअलच्या भोंकांतून आंत पाठवीत. लहान पडद्यांना तें नको असतें. चित्र लहरींवर चढण्यापूर्वींच तें तारेनें काढून घ्यावें लागतें. कळा मात्र नव्यानें करण्याच्या भानगडींत पडूं नये. मूळ यंत्राच्या हातखेळण्याची पट्टीच कापून घेतली कीं बोटांना ओळखीचा स्पर्श फुकट मिळतो.

आतां शिदोरी. लिथियम-आयन सेल सोनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणले, आणि या विद्येचे जनक मानल्या गेलेल्या तिघां शास्त्रज्ञांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. हौशी माणसाच्या हातीं येतो तो ‘१८६५०’ जातीचा, १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब. ३ अँपिअर-तासांचा असा एक सेल ३.६ व्होल्टांनीं गुणिला तर १०.८ वॉट-तास वीज देतो; दोन सेल २१.६. यंत्र व पडदा मिळून ८ वॉट खात असतील आणि रेग्युलेटर शेंकडा नव्वद प्रामाणिक असेल, तर खेळ सुमारें अडीच तास चालेल. ४ वॉट खात असतील तर जवळजवळ पांच तास. हा हिशेब पोस्टकार्डाच्या पाठीवर मावतो, आणि करवत हातीं धरण्यापूर्वीं तो झाला पाहिजे. या सेलांवर थेट डाख देऊं नये, तापून आंतली रचना बिघडते. पट्ट्या आधींच जोडलेले सेल घ्यावे, आणि संरक्षक सर्किटावांचून ते चार्ज करूं नयेत. येथील निष्काळजीपणाचा शेवट आगींत होऊं शकतो.

राहिला प्रश्न यंत्राच्या निवडीचा. पुष्कळ नवशिके १९९६ सालच्या निंटेंडो ६४ वर हात घालतात. त्याला ३.३ आणि १२ असे दोन निरनिराळे व्होल्टेज लागतात, म्हणजे दोन रेग्युलेटर आले. २००६ सालच्या ‘वी’ यंत्राची पट्टी तर हौशी मंडळी करवतीनें कापून तळहाताएवढी करतात, चकती फिरविणारा भाग काढून टाकतात आणि खेळ यूएसबी स्मृतींतून चालवितात. या कौशल्यापुढें मान तुकवावी. परंतु त्या कापलेल्या पट्टीला १, १.१५, १.८ आणि ३.३ असे चार व्होल्टेज अचूक पुरवावे लागतात. एक चुकला कीं पट्टी गेली. हीं यंत्रें आतां कोणी बनवीत नाहीं. जें अर्धवट कापून खणांत पडतें, तें जगांतून एक कमी होतें. त्यामुळें पहिल्या प्रयोगासाठीं चालतें, जपून ठेवलेलें यंत्र घेऊं नये, पेटी फुटलेलें वा झांकण हरवलेलें घ्यावें, याबद्दल मी हट्टी आहें. २०१२ पासून मिळणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जुने खेळ चालवून कित्येकजण हा प्रश्नच टाळतात. तेंही चांगलें आहे. फक्त त्याला रूपांतर म्हणूं नये.

नोमॅडची हकीकत मात्र तेथेंच संपली नाहीं. अलीकडे हौशी लोक तोच जुना नोमॅड उघडतात, त्यांतील धूसर पडदा व त्याची नळी काढून नवा पडदा बसवितात आणि पाठीवरच्या त्या डबीच्या जागीं लिथियम सेल घालतात. १९९५ सालची पट्टी, तिच्या मूळ चकत्यांसह, आंत जशीच्या तशी असते.