दालचिनीचे तेल : सालीचे आणि पानाचे

आपल्या मसाल्याच्या डब्यातील दालचिनीचे नाव फारसी आहे. ‘दारचिनी’ म्हणजे चीनचे लाकूड. पण नावाजलेली दालचिनी सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची. तिची साल कागदासारखी पातळ असते. आपल्या बाजारात मिळते ती जाड, कडक साल बहुधा तिची चुलत बहीण कॅशिया.

ही साल कुठून येते हे युरोपला फार काळ ठाऊक नव्हते. मोठे पक्षी तिच्या काड्यांची घरटी बांधतात, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवले आहे! ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला आणि तेथेच राहिला. इकडच्या औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात दालचिनीवर एक संवाद आहे व जुन्या समजुतींचे खंडनही आहे. याच सालीच्या लोभाने सिलोनवर आधी पोर्तुगीज, मग डच आणि १७९६ मध्ये इंग्रज बसले.

आता तेलाविषयी. साल पाण्याच्या वाफेवर उकळून ते काढतात. शंभर किलो सालीचे साधारण अर्धा ते एक किलोच तेल निघते, म्हणून ते महाग. त्यातील मुख्य तिखट द्रव्य १८३४ मध्ये फ्रान्समध्ये वेगळे केले गेले. पानाच्या तेलात मात्र लवंगेतले द्रव्य अधिक असते आणि मुळाच्या सालीत कापूर! एकाच झाडाची ही तीन तऱ्हा. बाटलीवर नुसते ‘दालचिनी तेल’ लिहिले असेल तर कशाचे, ते दुकानदाराला जरूर विचारावे.

सुगंधी तेलांच्या उपचाराला ‘अरोमाथेरपी’ हे नाव गातफोसे या फ्रेंच रसायनज्ञाने दिले. त्याचे त्या नावाचे पुस्तक १९३७ चे. दालचिनीचे एखाद-दोन थेंब पाण्यात टाकून खोलीत दरवळ करतात, हिवाळ्यात तो ऊबदार वाटतो. पण सालीचे तेल डोकेदुखीवर कपाळाला चोळू नये. कातडी भाजल्यासारखी होते, पुरळ उठते. अंगाला लावायच्या तेलात ते अगदी नाममात्रच मिसळतात. तान्ह्या मुलांपासून आणि गरोदर बाईपासून ते दूरच ठेवावे. पोटात तर मुळीच घेऊ नये.

आपले जुने वैद्य या सालीला जपूनच वापरीत. सितोपलादी चूर्णात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी अवघा १ भाग.

आता सिलोनकडेच पाहायला नको. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९२ मध्ये ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात दिली, आणि कोकणात नारळ-सुपारीच्या बागेत ती लावतात. साल डब्यात जाते; पाने मात्र पुष्कळदा झाडाखालीच पडून राहतात.