राखाडी पडलेली बाळं : क्लोरॅम्फेनिकॉलची गोष्ट

मंडळी, क्लोरोमायसेटिन हे नाव आपल्यातल्या वयस्कर लोकांनी घरात नक्की ऐकलं असेल. टायफॉइडवरचा तो मोठाच आधार. मूळ औषध क्लोरॅम्फेनिकॉल, १९४७ मध्ये व्हेनेझुएलातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं. अनेक जंतूंवर चालणारं हे औषध अपुऱ्या दिवसांच्या बाळांपर्यंत पोचलं नसतं तरच नवल!

तेव्हा भीती जंतुसंसर्गाची असे. प्रसूतीच्या चोवीस तास किंवा त्याहून आधी पाणमोट फुटली, की बाळाला खबरदारी म्हणून औषध सुरू. म्हणजे बघा, यातली कितीतरी बाळं आजारी नव्हतीच. मात्रा दिवसाला किलोमागे १०० मिलिग्रॅम, कधी त्याहूनही जास्त. मोजण्यात कुणाची चूक नव्हती. ठरवलेली मात्राच मुळात जास्त होती, आणि ते कुणाला माहीत नव्हतं.

लॉस एंजेलिसच्या काउंटी रुग्णालयात बर्न्स, हॉजमन आणि कॅस यांनी अशा बाळांचे चार गट केले. एकाला क्लोरॅम्फेनिकॉल, दुसऱ्याला पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन, तिसऱ्याला तिन्ही, आणि चौथ्याला काहीच नाही. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले. काहीच न दिलेल्या गटात मृत्यू १९ टक्के, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनच्या गटात १८. क्लोरॅम्फेनिकॉलच्या दोन गटांत ६० आणि ६८!

आमच्या मते या कथेतला खरा नायक तो औषध न मिळालेला गट. तो नसता, तर ‘बाळ नाजूकच होतं’ म्हणून प्रत्येक मृत्यू पचून गेला असता. कारण चित्र संसर्गासारखंच दिसे : तीन-चार दिवसांत बाळ दूध सोडतं, ओकतं, पोट फुगतं, अंग गार आणि लुळं पडतं, कातडी राखेसारखी होते. यावरूनच ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ हे नाव पडलं.

असं का होतं? हे औषध यकृत एका आम्लाला जोडून निकामी करतं, मग मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात दोन्ही कामं कच्ची. १९६० मध्ये वाइस आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं : मोठ्या मुलात रक्तातलं औषध निम्म्यावर यायला साधारण ४ तास, नवजात बाळात २६. मोरी तुंबलेली आणि वरून नळ चालू, अशातला प्रकार. मात्रा किलोमागे २५ मिलिग्रॅमवर आली.

पण एखाद्या बाळाला जास्त गेलंच, तर? उतारा नाही. औषध ताबडतोब थांबवायचं. ऊब, श्वास, रक्तदाब सांभाळायचा. १९८० मध्ये दोन मार्गांचे अनुभव छापून आले. एक रक्तबदल, जो आरएच काविळीमुळे डॉक्टरांच्या हातातला होता : थोडं रक्त काढायचं, तेवढंच दात्याचं घालायचं. अडचण अशी की शरीरात इतरत्र मुरलेलं औषध पुन्हा रक्तात उतरतं. दुसरा मार्ग, रक्त कोळशाच्या नळीतून फिरवून औषध शोषून घ्यायचं. पण किलोभराच्या बाळाचं सगळं रक्त जेमतेम १०० मिलिलिटरच्या आत-बाहेर. त्यातलं नळीत किती अडकवून ठेवणार?

आणि मात्रा ठाऊक झाल्यावरही हात चुकतोच. एका ग्रॅमची कुपी १० मिलिलिटरमध्ये विरघळवली, तर २५ मिलिग्रॅम म्हणजे फक्त पाव मिलिलिटर. दशांशचिन्ह एक घर सरकलं, की अडीच. म्हणून हे औषध नवजात बाळाला द्यावंच लागलं, तर रक्तातली पातळी मोजत राहतात.